पंप खोलला, आता बसवायचा आहे

मे महिना संपत आला की किनाऱ्यावरची जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होते आणि तारकर्ली-देवबागच्या वाळूत काही दिवस निराळीच धावपळ दिसते. पॅरासेलिंगच्या बोटी खाडीत आत जातात. बनाना राईडच्या लांबड्या पिवळ्या फुग्यांतली हवा काढून घड्या घातल्या जातात. जेट स्की ट्रॉलीवर चढून वाडीत येतात आणि माडाखाली, मांगरात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. शेजारी झापांनी शाकारलेल्या होड्या असतात. पर्यटकांचा हंगाम संपलेला असतो, पण ही यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. पाऊस पडतो तेवढे दिवस त्यांच्या हाताशी असतात. ऑगस्ट सरला की मालक दारात उभा राहतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी घेऊन आलेली मुंबई-पुण्याची, कोल्हापूर-बेळगावची कुटुंबं त्याच यंत्रावर बसायला रांग लावतात.

किनाऱ्यावरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण लाइफ जॅकेटबद्दल बोलतो, जीवरक्षकांबद्दल बोलतो, भरती-ओहोटीबद्दल बोलतो. हे सगळं आवश्यकच आहे. पण जेट स्कीवर बसलेल्या माणसाचा जीव आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतो: जुलै महिन्यात त्या यंत्राचे सुटे झालेले भाग परत कुणी बसवले, कशा क्रमाने बसवले आणि बोल्ट किती आवळले. या कामाकडे फार थोड्या लोकांचं लक्ष आहे. म्हणून मी पावसाळ्यात मालवण परिसरातल्या शेडमध्ये जाऊन बसत होतो. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वेळ काढला, त्या मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत अट घातली होती: "तुमी लिवा, पण माझा नाव घालू नका." म्हणून या लेखात ते फक्त मिस्त्री आहेत. मच्छीमार ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांवर त्यांचा हात बसला, पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर जेट स्कीच्या कामाला लागले आणि मग परत गावी आले. हाताखाली एक पोरगा आहे, तो त्यांना दादा म्हणतो.

यंत्र कसं चालतं ते आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या बोटीला मागे पंखा आणि सुकाणू असतं. जेट स्कीला दोन्ही नसतात. तिच्या पोटाला खालून एक जाळी असते. त्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इंजिनाच्या दांड्यावर फिरणारा इम्पेलर ते मागे रेटतो, स्थिर पात्यांमधून जाताना त्याची पिळवण सरळ होते आणि अरुंद तोंडातून ते जोराने बाहेर पडतं. पाणी मागे जातं म्हणून यंत्र पुढे जातं. हँडल वळवलं की केबलने मागचं तोंड डावीउजवीकडे वळतं आणि पाण्याच्या झोताची दिशा बदलते. वळणं होतं ते या झोतामुळेच. झोत थांबला की वळणंही थांबतं. समोर काही आलं म्हणून घाबरून थ्रॉटल सोडला आणि हँडल कितीही पिळलं, तरी यंत्र आहे त्याच दिशेने सरकत राहतं. नव्या काही मॉडेलमध्ये ब्रेकसारखी सोय आलेली आहे, पण भाड्याने फिरणाऱ्या जुन्या यंत्रांत ती नसते. माझ्या मते पर्यटकाला बसवण्यापूर्वी सांगायची पहिली गोष्ट हीच असायला हवी.

पाण्याच्या झोतावर बोट चालवण्याची कल्पना जुनी, पण ती व्यवहारात आणली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी, 1950 च्या दशकात. त्यांच्या भागातल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. पंखा लावलेली बोट तिथे चालणं शक्यच नव्हतं. त्याच हॅमिल्टन जातीच्या तीन जेट बोटी घेऊन एडमंड हिलरी 1977 मध्ये गंगेच्या मुखापासून उलट प्रवाहाने हिमालयाकडे निघाले होते. गंगा, किवी आणि एअर इंडिया अशी त्या बोटींची नावं होती. नंदप्रयागच्या जवळपास धबधब्याने वाट अडवली तोवर बोटी चढत राहिल्या. एका माणसाने स्वार व्हायचं छोटं यंत्र ही पुढची पायरी. अमेरिकेतला मोटोक्रॉसवाला क्लेटन जेकबसन याने 1960 च्या दशकात त्याचे नमुने तयार केले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीने ते बाजारात आणलं. उथळ पाण्यात चालण्यासाठी जन्मलेला हा पंप आहे खरा, पण उथळ पाणीच त्याला खातं. कारण आत ओढलं जाताना पाण्याबरोबर वाळूही येते.

देवबागला हे डोळ्यांनी दिसतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वस्तीची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. संगमाजवळ वाळूचे दांडे पाण्याबाहेर येतात, त्यांच्या आजूबाजूला गुडघाभर-कमरभर पाणी असतं आणि पर्यटकांना नेमकं तिथेच उतरायचं असतं. कंपन्यांची पुस्तकं सांगतात की तळाखाली साधारण तीन फूट पाणी असल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. किनाऱ्यावर गिऱ्हाईक वाळूत उभं असतं आणि यंत्र त्याच्या पायाशी आणून लावावं लागतं. हंगामभर हे चाललं की इम्पेलरची धार झिजते, त्याच्याभोवतीची वेअर रिंग ओरखडते आणि दोघांमधली फट वाढते. ही फट मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. ती वाढली की पाणी मागे रेटलं जाण्याऐवजी पात्यांच्या कडेवरून परत निसटतं. इंजिन ओरडतं, पेट्रोल जळतं, यंत्र मात्र जागचं हलत नाही. मिस्त्री अशा यंत्राची चावी हातात घेण्याआधीच मालकाला विचारतात, "आवाज वाढता आणि धावणा नाय, असाच ना?"

पंप खोलायचं काम असं चालतं. आधी सीट काढून ठेवायची आणि पोटात साचलेली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यायची. मग बॅटरी. काळी तार आधी, लाल नंतर. उलट केलं आणि पाना इंजिनाला लागला, तर ठिणगी पडते आणि बंद पोटात वाफ असेल तर पुढचं सांगायला नको. त्यानंतर यंत्र जुन्या टायरवर, गादीवर कुशीवर घ्यायचं. खालची जाळी सुटते. मागच्या तोंडाची केबल सुटते, झोत उलटवणाऱ्या रिव्हर्सच्या बादलीची केबल सुटते, पोटातलं पाणी खेचणारी बारीक नळी सुटते. मग पंप आणि तळ यांना धरून ठेवणारे मोठे बोल्ट. हे निघाले की पंप मागे सरकतो आणि दांड्याच्या खाचांवरून अलगद बाहेर येतो. नवं यंत्र असेल तर.

खाऱ्या पाण्यात दोन-तीन हंगाम काढलेलं यंत्र असेल, तर बोल्ट निघत नाहीत. पंपाचं घर ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि दोघांच्या मध्ये समुद्राचं पाणी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यांतला कमकुवत धातू झिजायला लागतो. इथे तो ॲल्युमिनियम. झिजेतून जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांमध्ये ठासून बसते आणि बोल्ट जाम होतो. झिजायचं काम अंगावर घेण्यासाठी यंत्राला मुद्दाम एक स्वस्त धातूचा तुकडा लावलेला असतो. त्याला ॲनोड म्हणतात. तो संपत आला की बदलायचा असतो. मी पाहिलेल्या यंत्रांत कित्येकांचा ॲनोड खाऊन पापुद्र्यासारखा उरलेला होता, आणि एकाचा त्याच जागी रंग मारून टाकलेला. रंगाखाली ॲनोड निकामी होतो, कारण पाणी त्याला लागलंच पाहिजे.

जाम बोल्टशी मिस्त्री कसे वागतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवतात. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके देतात, म्हणजे आतली भुकटी मोडते. मग पाना लावतात आणि सोडवण्याच्या दिशेने नव्हे, आधी आवळण्याच्या दिशेने केसभर रेटून पाहतात. हलला तर मग उलट. पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा थोडा सोडायचा, मध्ये तेल. हलला नाही तर पंपाच्या घराला बाहेरून गॅसने शेक. उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून भोक सैल होतं आणि बोल्ट तसाच राहतो. हा शेक देण्याआधी ते यंत्राची टाकी, पोट, आजूबाजू सगळं पुन्हा तपासतात आणि पोऱ्याला पाण्याची बादली व विझवायचं नळकांडं घेऊन उभं करतात. त्या दिवशी पोरग्याने पाइप घालून पाना लांब केला आणि त्यावर अंग टाकलं. मिस्त्री बसल्या जागेवरून ओरडले, "जोर लावू नको रे! तुटलो तर आतच रवतलो." बोल्टाचं डोकं तुटून उरलेला भाग आत राहिला, की ड्रिल मारून तो पोखरून काढायचा, आटे नव्याने पाडायचे, वेळप्रसंगी तारेचे आटे बसवायचे. एका बोल्टासाठी अख्खा दिवस जातो आणि भोक वाकडं गेलं तर पंपाचं घरच जातं.

पंप बाकावर आला की इम्पेलर निघतो. दांड्याची खाच पकडणारं त्याचं खास हत्यार असतं, त्याच्याशिवाय हात लावू नये. काही कंपन्यांच्या इम्पेलरचे आटे उलटे असतात. नवखा माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावत बसतो आणि सोडवण्याऐवजी आवळून ठेवतो. काही पंपांच्या पोटात तेल असतं, काहींत ग्रीस. तेलात पाणी गेलं असेल तर रंगावरून कळतं आणि सील बदलल्याशिवाय पर्याय नसतो. बेअरिंग हाताने फिरवून बघायचं, जरा खरखर लागली तरी नवं घालायचं. यात काटकसर केली, तर पुढे पंप समुद्रात अडकतो.

वेअर रिंगचं काम मला सर्वांत देखणं वाटलं. काही यंत्रांत ही रिंग प्लॅस्टिकची असते, मुद्दाम मऊ. खडा आला तर इम्पेलर वाचावा आणि रिंग जावी, असा तिचा हिशेब आहे. ती घरात घट्ट ठोकून बसवलेली असते. जुनी काढताना करवतीच्या पात्याने तिच्यावर दोन जागी काप घेतात आणि छिन्नीने आत वळवून काढतात. काप खोल गेला आणि घराच्या भिंतीला चरा पडला तर नवी रिंग कधीच नीट बसत नाही, म्हणून शेवटचा थर पात्याने न कापता नुसता मोडतात. नवी रिंग सरळ आत जात नाही. मिस्त्रींनी ती आदल्या रात्री घरच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती, सुरमईच्या तुकड्यांच्या डब्याशेजारी. थंडीने रिंग किंचित आकसते. सकाळी घरून शेडपर्यंत ती टॉवेलात गुंडाळून आणली, पंपाच्या घराच्या कडेला भांड्याच्या साबणाचं पाणी फिरवलं, रिंग सरळ धरली आणि वर सपाट फळी ठेवून चारी बाजूंनी आळीपाळीने ठोके दिले. एका बाजूने अर्धा केस पुढे गेली की लगेच थांबून दुसऱ्या बाजूला. ती तळाला टेकली तेव्हा ठोक्याचा आवाज बदलला. पोरग्याला तो आवाज त्यांनी पुन्हा ऐकवला. मग इम्पेलर घालून पाती आणि रिंग यांच्यामधली फट पातळ पट्ट्यांच्या मापाने तपासली. एकाच जागी नव्हे, पाती फिरवत फिरवत सगळीकडे.

आता परत बसवणं. मिस्त्री म्हणाले, "काढूक काय, कोणय काढता. बसवूक येवक व्हया." काढताना चूक झाली तर ती समोर दिसते. बसवताना झालेली चूक डोळ्यांआड राहते आणि किनाऱ्यापासून अर्धा मैल आत दिसते. म्हणून काढतानाच बसवण्याची तयारी सुरू झालेली असते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डब्यात, कारण लांबी थोडी थोडी वेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड जागेत गेला तर तळ फोडतो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर मार्करने लिहिलेलं असतं: जाळी, पंप वरचे, पंप खालचे, केबल. तारांच्या जोडण्यांना चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या.

बसवण्याआधी सफाई. जुना सीलंट, जुनी भुकटी, आट्यांतला मळ, सगळं निघालं पाहिजे. दांड्याच्या खाचांना पाण्याने न धुपणारं ग्रीस. बोल्टांच्या आट्यांना कंपनीने सांगितलं असेल ते: कुठे निळं लॉकटाइट, कुठे जाम होऊ न देणारा लेप. पंप पुढे सरकवताना दांडा इम्पेलरच्या खाचांत जातो, तेव्हा तो हाताने थोडा फिरवून खाचेला खाच मिळवावी लागते. पुष्कळ जण इथे घाई करतात आणि पंप पूर्ण न टेकताच बोल्ट आवळून तो ओढून घेतात. तसं केलं की दांडा तिरका राहतो. तो तिरकेपणा यंत्र लगेच दाखवत नाही, काही आठवड्यांनी सील आणि बेअरिंग खाऊन दाखवतं. पंप आपल्या वजनाने जागेवर टेकला पाहिजे, बोल्टांनी फक्त त्याला धरून ठेवायचं.

आवळायचं तेही समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. मिस्त्री आधी हाताच्या अंदाजाने आवळत. एकदा तळातली धातूची पेटी, जिच्यात बोल्ट बसतो, जास्त जोर लागून फायबरमध्ये गोल फिरली. बोल्ट ना आवळला जाईना, ना सुटेना आणि फटीतून पाणी पोटात. तेव्हापासून टॉर्क पाना हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात असतो आणि प्रत्येक यंत्राचे आकडे भिंतीवर चिकटवलेले आहेत. पोरग्याला त्यांनी सांगून ठेवलंय की पान्याचा टक् आवाज आला की थांबायचं, तो दुसऱ्यांदा ऐकायचा नाही.

पंप आणि तळ यांच्या जोडावर सीलंटची कड येते. ती सुकायला रात्र द्यावी लागते. मालकाला घाई असते, हवामान दमट असतं, पण ओल्या सीलंटवर यंत्र पाण्यात टाकलं तर जोडातून हवा आत शिरते. जोर लावला की इम्पेलरला पाण्याऐवजी फेस मिळतो आणि यंत्र ढकललं जात नाही. "पंप हवा खाता," असं इथे म्हणतात. यंत्राच्या पोटात दांडा जिथून शिरतो तिथल्या सीलनेही हेच होतं, आणि तिथून तर हवेबरोबर पाणीही आत येऊ शकतं.

बारीक नळीकडे परत यावं लागेल. पोटात शिरलेलं पाणी बाहेर खेचायला पंपाच्या वाहत्या पाण्याचा ओढा वापरतात. ती नळी आत उंच वळसा घेऊन जाते आणि वळशाच्या माथ्यावर सुईएवढं भोक असतं. ते भोक मिठाने बुजलं, तर यंत्र थांबल्यावर पाणी उलट आत येतं. आणि पंप बसवताना ही नळी जोडायची राहिली, तर पाणी बाहेर जायची वाटच आत येण्याची वाट होते. मागच्या बाजूला पाणी काढायचे दोन प्लगही असतात. शेडमध्ये ते उघडे ठेवतात, म्हणजे आतलं पाणी निथळतं. ते परत लावायचे राहिले म्हणून किनाऱ्यावर बुडालेल्या जेट स्कीची गोष्ट सांगणारा माणूस प्रत्येक वाडीत भेटतो. मिस्त्री प्लग काढले की हँडलला लाल चिंधी बांधतात. प्लग लागल्याशिवाय चिंधी सुटत नाही.

शेवटी केबल. हँडल सरळ असताना मागचं तोंड बरोबर मध्यावर असलं पाहिजे आणि दोन्हीकडे सारखं वळलं पाहिजे. जराही उणं-अधिक राहिलं तर सरळ जाणारं यंत्र एका बाजूला ओढतं आणि गर्दीच्या पाण्यात ते धोक्याचं असतं. केबल आत गंजली असेल तर तेल घालून वेळ मारून नेऊ नये, नवी घालावी. हँडल अडकलेल्या यंत्रावर बसलेला पर्यटक काय करणार?

इंजिन बाहेर काढायचं काम वर्षातून थोड्याच यंत्रांवर येतं आणि त्याची हकिगत मोठी असली तरी तत्त्व तेच. शेडच्या तुळईला चेन कप्पी, इंजिनाच्या पायांचे बोल्ट, नळ्या, तारा, सायलेन्सर. बसवताना इंजिन आणि दांडा एका रेषेत येण्यासाठी पायांखाली पातळ चकत्या घालून उंची जुळवतात. आधी कुठल्या पायाखाली किती चकत्या होत्या ते लिहून ठेवलं नसेल, तर ही रेषा जुळवण्यात दिवस जातात. पण या कामातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंजिन परत बसवताना एक बोल्ट हातातून निसटला आणि खाली, इंजिन व तळ यांच्यामधल्या अंधारात गेला. मी म्हटलं, चुंबकाची काठी आणा. मिस्त्रींनी मान हलवली. समुद्रात चालणारं चांगलं स्टेनलेस चुंबकाला धरत नाही. बॅटरीच्या उजेडात, लहान आरशात बघत पोरग्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटांनी चाचपत राहिला. बाहेर सर येऊन गेली, पत्र्यावरचा आवाज थांबला, तरी तो तसाच पालथा होता. दुसरा बोल्ट डब्यात होता, तो लावून काम पुढे नेता आलं असतं. मिस्त्रींनी तसं करू दिलं नाही. पोटात सुटा फिरणारा बोल्ट लाटेवर आपटून तारेची जोडणी तोडू शकतो, दांड्याच्या वाटेत येऊ शकतो. "दादा, गावलो!" असं पोरग्याने ओरडून सांगितलं तेव्हाच पुढचा बोल्ट हातात घेतला गेला.

बुडालेलं इंजिन ही पावसाळ्यातली नव्हे, भर हंगामातली आपत्ती आहे. यंत्र उलटतं, घाबरलेला माणूस ते हवं तसं फिरवून सरळ करतो आणि पाणी सिलिंडरमध्ये जातं. कुठल्या दिशेने सरळ करायचं याचं चित्र मागे चिकटवलेलं असतं. भाड्याच्या यंत्रांवर ते बहुधा पुसलेलं असतं. पाणी गेलेल्या इंजिनाला स्टार्टर मारत राहिलं तर पाणी दाबलं जात नसल्याने आतले दांडे वाकतात. म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचे, मग इंजिन फिरवायचं, म्हणजे भोकांतून पाणी उसळून बाहेर येतं. तेल ताकासारखं पांढरं झालेलं असेल तर ते बदलायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं, रंग स्वच्छ येईपर्यंत. हे त्याच दिवशी झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशीपर्यंत मिठाचं पाणी आत राहिलं तर बेअरिंगांवर गंज धरतो आणि इंजिन पूर्ण खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यंत्र जोडून झालं की पाण्यावर चाचणी. या टप्प्याबद्दल मला आग्रहाने लिहायचं आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. डझनाहून अधिक माणसं गेली. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड होऊन नियंत्रण सुटलं, असं नौदलाने सांगितलं. ती जेट स्की नव्हती, पण धडा इथल्या प्रत्येक शेडला लागू आहे. नुकतंच जोडलेलं यंत्र हे अजून न तपासलेलं यंत्र असतं. ते वर्दळीच्या पाण्यात नेऊच नये. मिस्त्री पहाटे खाडीत जातात, किनारा मोकळा असताना. एकटेच बसतात, जॅकेट घालून, बंद करायची दोरी मनगटाला बांधून. आधी सावकाश, दोन्हीकडे वळून बघायचं, दोरी ओढून इंजिन थांबतं की नाही ते बघायचं, मगच जोर. परत आल्यावर सीट काढून पोटात हात फिरवायचा. ओल लागली तर यंत्र पुन्हा शेडमध्ये, मालक काहीही म्हणो. मालकांनीही हे ऐकायला हवं. दिवाळीचा पहिला शनिवार हातचा गेला तर नुकसान होतं हे मला मान्य आहे, पण त्या शनिवारसाठी अर्धवट तपासलेल्या यंत्रावर कुणाचं मूल बसवणं मला मान्य नाही.

इथे व्यवस्थेची उणीव स्पष्ट दिसते. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बोट चालवणाऱ्यांना आणि जीवरक्षकांना शिकवते, आणि त्याचा उपयोग किनाऱ्यावर दिसतो. जलक्रीडेच्या परवान्यासाठी मेरीटाइम बोर्डाची दारं झिजवावी लागतात. पण ज्याने पंप बसवला त्याला हे काम कुणी शिकवलं, त्याने काय बदललं, केव्हा बदललं, याची लिखित नोंद मला मोजक्याच शेडमध्ये सापडली. मिस्त्रींकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. प्रत्येक यंत्राचं एक पान, त्यावर तारीख, इंजिनाचे तास, बदललेला भाग आणि चाचणी कुठे घेतली ते. यंत्र विकलं गेलं तर पानाची झेरॉक्स नव्या मालकाला देतात. एवढी वही परवान्याच्या नूतनीकरणाला सक्तीची करायला कुठलाही मोठा खर्च नाही. आणि मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे पावसाळ्यातल्या दोन महिन्यांचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, शिकवायला हेच मिस्त्री बोलावले गेले आणि त्यांना त्याचं मानधन व प्रमाणपत्र मिळालं, तर मच्छीमारी आक्रसत चाललेल्या या पट्ट्यातल्या मुलांना हाताला काम मिळेल आणि आज दोन-चार डोक्यांत असलेलं ज्ञान कागदावर उतरेल.

अशा अभ्यासक्रमात पहिला धडा कुठला ठेवाल, असं मी त्यांना विचारलं. मला वाटलं होतं, पंप सांगतील. ते म्हणाले, "आधी धुवूक शिकवा." रोज संध्याकाळी यंत्र पाण्याबाहेर आलं की गोड्या पाण्याची नळी जोडायची. इंजिन आधी सुरू करायचं आणि लगेच नळ सोडायचा. थांबवताना नळ आधी बंद करायचा, काही क्षण इंजिन चालू देऊन आतलं पाणी बाहेर काढायचं आणि मग इंजिन बंद. क्रम उलटा केला तर धुवायला सोडलेलं पाणीच सायलेन्सरमधून मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. दर हंगामात त्यांच्याकडे येणाऱ्या बुडालेल्या इंजिनांपैकी काही समुद्रात बुडालेली नसतात, ती मालकाच्या अंगणात नळाखाली बुडालेली असतात.